जिवाला धोका असल्याचा दाखला

मुंबईत जन्मलेल्या माणसाचं निम्मं आयुष्य कसला ना कसला दाखला मिळवण्यात जातं. जन्माचा, रहिवासाचा, उत्पन्नाचा, शाळा सोडल्याचा आणि निवृत्तीनंतर दर नोव्हेंबरात हयातीचा. या सगळ्या दाखल्यांसाठी अर्जदाराला एवढंच पटवून द्यायचं असतं, की आपण आहोत. बंदुकीच्या परवान्याचं प्रकरण त्याच्या एक पायरी वर आहे. तिथे पटवून द्यावं लागतं, की आपण आहोत आणि आपण नसावं असं कोणाला तरी मनापासून वाटतं.

जिथे पोलिस आयुक्तालय नाही, तिथे हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. मुंबईत तो पोलिस आयुक्तांच्या नावे करायचा. आयुक्तालय क्रॉफर्ड मार्केटसमोर. रस्त्याच्या एका बाजूला हापूसच्या पेट्या आणि पिंजऱ्यातले पोपट, दुसऱ्या बाजूला जिवावर उठलेल्या शत्रूंच्या फायली. पण अर्ज इथे पोचला म्हणजे काम झालं, असं समजणारा माणूस मुंबईचा नव्हे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या तेराव्या कलमाप्रमाणे अर्ज आला, की परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने अर्जदाराच्या जवळच्या पोलिस ठाण्याचा अहवाल मागवायचा. म्हणजे कागद फिरून आपल्याच गल्लीत येतो. गिरगावचा असेल तर व्ही. पी. रोडला, दादरचा दादरला, लालबागचा काळाचौकीला किंवा भोईवाड्याला, जिथे ज्याची हद्द असेल तिथे.

खरी गंमत इथे सुरू होते. अर्जदाराचं म्हणणं असं, की माझ्या जिवाला धोका आहे. त्याला दुजोरा द्यायचा कोणी? तर त्याच्या जिवाची काळजी वाहण्याचा पगार घेणाऱ्या ठाण्याने. सीनियर इन्स्पेक्टरने स्वतःच्या सहीशिक्क्यानिशी वरिष्ठांना कळवायचं, की आमच्या हद्दीत हा गृहस्थ सुरक्षित नाही, सबब त्याला स्वतःची सोय स्वतः करू द्यावी. कुठला सीनियर इन्स्पेक्टर हौसेने असं लिहील? आपल्या हद्दीत सगळं आलबेल आहे, हे तो मासिक बैठकीत सांगून आलेला असतो.

समजा, लालबागचे एक मसाल्याचे व्यापारी ठाण्यात जबाबाला बसले आहेत.

"शेठ, कोणी धमकी दिलीय का?"

"नाही साहेब, अजून तरी नाही. पण रोज रात्री रोकड घेऊन घरी जातो."

"मग बँकेत भरा."

शेठ जरा विचार करतात. "तशी एकदा दिली होती धमकी, साहेब."

"तक्रार केलीत?"

"नाही. भीती वाटली."

"मग आता नाही वाटत?"

या संवादाला शेवट नाही. धमकी नसेल तर बंदूक कशाला, आणि धमकी असेल तर इतके दिवस कुठे होता. त्यामुळे जाणकार अर्जदार आधीपासून तयारीत राहतात. शेजाऱ्याशी वाजलं की लोक रागाच्या भरात एनसी नोंदवतात आणि विसरून जातात. पण परवान्याच्या वाटेवरचा माणूस त्या अदखलपात्र तक्रारीची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो. ज्या कागदावर पोलिसांनी काहीही केलं नाही, तोच कागद पुढे पुरावा म्हणून कामी येतो.

कायदा मात्र वाटतो तितका तुसडा नाही. चौदाव्या कलमात परवाना नाकारण्याची कारणं दिली आहेत आणि लगेच पुढच्या पोटकलमात बजावलं आहे, की केवळ अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येणार नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा जणांसह राहणाऱ्या माणसाला ही ओळ वाचून भरून यावं. ठाण्याकडून अहवाल वेळेत येणार नाही, याचाही अंदाज कायदा करणाऱ्यांना होता. मुदतीत अहवाल आला नाही, तर त्याची वाट न पाहता निर्णय घेण्याची मुभा कलमातच ठेवली आहे. आपल्याच खात्याला इतकं नेमकं ओळखणारा कायदा विरळा.

२०१६ च्या नियमांनी मुदतीही ठरवून दिल्या: पोलिसांच्या अहवालाला तीस दिवस, त्यानंतर निर्णयाला साठ दिवस. साध्या, म्हणजे नागरिकाला बाळगता येण्याजोग्या हत्याराचा परवाना कोणाला द्यावा, हेही त्यांत आहे. धंदा, पेशा किंवा नोकरी अशी, की जीव किंवा मालमत्ता राखायची खरीच गरज आहे. किंवा नेमबाजीच्या क्लबाचा किमान दोन वर्षांचा क्रियाशील सभासद. किंवा सैन्यात-पोलिसांत असलेला वा निवृत्त झालेला आणि तशीच गरज असलेला. याच्या वरचा वर्ग निर्बंधित हत्यारांचा. तिथे नुसती गरज चालत नाही, गंभीर आणि अपेक्षित असा धोका लागतो, तोही अतिरेक्यांच्या डोळ्यांवर आल्यामुळे वगैरे, आणि प्रकरण थेट दिल्लीत केंद्रीय गृहखात्याकडे जातं. म्हणजे शत्रूचाही दर्जा पाहिला जातो. भाडेकरूने दम दिला एवढ्यावर तिथे कोणी विचारत नाही.

दर्जा असला तर कामं होतात, याचा दाखला २०२२ साली सगळ्या मुंबईने पाहिला. जूनमध्ये सलमान खान आणि त्याच्या वडिलांच्या नावे धमकीचं पत्र आलं. जुलैत सलमान स्वतः क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या कार्यालयात येऊन आयुक्त विवेक फणसळकरांना भेटला. ऑगस्ट उजाडताच परवाना मिळाल्याची बातमी आली. यात गैर काही नाही. धमकी लेखी होती आणि ती देणारी टोळी अवघ्या देशाला ठाऊक होती. लालबागच्या शेठना मात्र तो पेपर वाचून वाटून गेलं असेल, की आपल्या शत्रूला साधं पत्र लिहायचीही अक्कल नाही.

ठाण्याची चौकशी कागदावर संपत नाही. अर्जदार राहतो तिथे हवालदार येतो. मलबार हिलवर हे उरकत असेल, तिथे शेजारी कोण हेच शेजाऱ्याला माहीत नसतं. गिरगावातल्या चाळीत हवालदार पहिल्या माळ्यावर पोचेपर्यंत तिसऱ्या माळ्यावर बातमी गेलेली असते. पहिला अंदाज पासपोर्टचा. "काय काका, निघालात का मुलाकडे?" मग हवालदार विचारतो, की यांचा स्वभाव कसा आहे, दारू पितात का, रागीट आहेत का, कोणाशी भांडण आहे का. अशा प्रश्नांना चाळ एकेका शब्दात उत्तर देत नाही. सार्वजनिक नळावरच्या बाचाबाचीपासून गणपतीच्या वर्गणीच्या हिशेबापर्यंत सगळं निघतं. चौकशी पासपोर्टची नसून बंदुकीची आहे, हे कळल्यावर मात्र साक्षींचा सूर पालटतो. गॅलरीतल्या चपलांच्या स्टँडवरून ज्यांनी वर्षभर अबोला धरला होता, त्या वहिनीसुद्धा मग सांगतात, "फार शांत माणूस हो. आमचं कधी काही नाही." स्टँड त्या रात्रीच आत गेलेला असतो.

बंदूक मिळण्याआधीच ती इतकं काम करते.

मिळाल्यावर ठेवायची कुठे, हा पुढचा पेच. सुरक्षित ठेवण्याची हमी अर्जदाराकडून लिहून घेतली जाते. मनःस्वास्थ्याचं डॉक्टरी प्रमाणपत्र लागतं, हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचं वेगळं. चाळीतल्या घरात सुरक्षित जागा एकच, लोखंडी कपाट. त्यात आधीपासून लग्नातला शालू, एफडीच्या पावत्या, डांबराच्या गोळ्या आणि आजीची नथ. किल्ली कुठे असते, हे घरातल्या सगळ्यांना आणि कामवाल्या बाईंनाही ठाऊक. कपाटाचा विषय निघाला की अभिनेता गोविंदाची आठवण होते. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे पावणेपाचच्या सुमारास, कोलकात्याला निघण्याच्या गडबडीत, तो आपलं परवान्याचं रिव्हॉल्व्हर जुहूच्या घरी कपाटात ठेवत होता. ते हातातून निसटलं आणि गोळी त्याच्याच पायात शिरली. इस्पितळात ती काढली, तीन-चार दिवसांत तो घरी आला आणि हात जोडून चाहत्यांचे आभार मानले. जीव वाचला हे उत्तमच. पण फायलीच्या दृष्टीने पाहिलं तर धोका ज्याच्यापासून होता तो अर्जदारच निघाला.

हत्याराची किंमत ही आणखी एक चाळणी. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. वजन अर्धा किलो, सोबत दागिन्यांची शोभेल अशी डबी आणि किंमत १,२२,३६० रुपये. रात्रीच्या पाळीवरून परळ स्टेशनला उतरणाऱ्या नर्सला तेवढ्या पैशात बरीच वर्षं रिक्षा-टॅक्सीने घरी जाता आलं असतं. लांब नळीच्या बंदुकीबाबत कायद्याचा हात सैल आहे. वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची साधी बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितली, तर ती नाकारायला अधिकाऱ्याला नीट कारण लागतं. छोट्या पिस्तुलासाठी उलट अर्जदाराने कारण पटवायचं. पण वीस इंची नळी घेऊन संध्याकाळी सहाला दादरहून विरार फास्टमध्ये चढून दाखवावं. जिवाला धोका तिथेच सुरू होईल.

अमेरिकेत बंदूक भाजीसारखी मिळते, असा आपल्याकडे समज आहे. सगळ्या हत्यारांबाबत तो खरा नाही. मशीनगन, सायलेन्सर असल्या खास मालासाठी तिथे १९३४ पासून केंद्राचा कायदा आहे आणि २०१६ पर्यंत अशा खरेदीच्या अर्जावर गावच्या पोलिसप्रमुखाची किंवा शेरीफची सही लागायची. काही शेरीफ ती सरळ नाकारत. मग लोकांनी ट्रस्ट काढून ट्रस्टच्या नावे माल घेण्याची पळवाट शोधली, कारण ट्रस्टला सही लागत नसे. आपल्याकडच्या सहकारी संस्थावाल्यांनी ऐकावी अशी युक्ती. २०१६ च्या जुलैत सहीची अट गेली, नुसतं कळवलं की पुरे झालं. त्याच जुलैत आपले नवे शस्त्र नियम आले आणि ठाण्याच्या अहवालाला आणखी कागद जोडले गेले. एका गोष्टीत मात्र गिरगावकराला तिकडे अगदी घरच्यासारखं वाटेल. १९३४ साली या व्यवहारावर बसवलेला २०० डॉलरचा कर नव्वद वर्षं वाढलाच नाही, अगदी पागडीच्या खोलीचं भाडं जसं.

हत्यार बाळगणं हा हक्क असावा की मेहेरबानी, यावर आपल्याकडेही वाद झाला आणि त्यातला महत्त्वाचा आवाज परळ-दादरच्या वस्तीतला होता. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्याने हिंदुस्थानी माणसाला परवान्याला बांधलं आणि गोऱ्यांना मोकळं सोडलं. तो राग इतका खोल गेला, की १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून का होईना, शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामतांनी तसा हक्क घटनेत यावा म्हणून दुरुस्ती सुचवली. उत्तर दिलं डॉ. आंबेडकरांनी, परळच्या बीआयटी चाळीत संसार केलेल्या आणि दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलेल्या माणसाने. प्रत्येकाला बाजारात जाऊन हवं ते हत्यार विनाअडथळा घेता आलं तर राज्य चालायचं कसं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. दुरुस्ती बारगळली. ज्याने चाळीत वीसेक वर्षं काढली, त्याला हा मुद्दा पुस्तकातून शिकावा लागला नसावा.

शहरात ही रड असताना लालबाग-परळच्या कित्येक घरांत बंदूक वाडवडिलांपासून आहे. फक्त ती इथे नाही, गावाला आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगतात. माकड, वानर आणि रानडुक्कर यांच्यापासून भात, केळी, नारळ वाचवायचे तर दुसरा इलाज नसतो. तिथे धोक्याचा पुरावा द्यावा लागत नाही, तो रोज सकाळी माडावर बसलेला असतो. म्हातारे परवानाधारक सत्तरीला आले किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगून झाली, की २०१६ च्या नियमांप्रमाणे वारसाला परवाना मागता येतो. वारस असतो काळाचौकीला, बेस्टमध्ये किंवा बँकेत. गणपतीला गावी गेल्यावर भावकीत घराच्या, काजूच्या आणि विहिरीच्या हिश्शांबरोबर बंदुकीचाही विषय निघतो. घर सगळ्यांना हवं असतं. बंदूक नको असते, कारण ती घेतली की दरवेळी ठाण्यात जाणं आलं.

आणि ठाण्यात जावं लागतंच, कारण या देशात निवडणुका असतात. २०२४ सालचंच पाहा. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली ती ६ जूनला उठली. विधानसभेची १५ ऑक्टोबरला लागली ती नोव्हेंबर सरत आल्यावर. या काळात परवान्याची बरीचशी हत्यारं ठाण्यात जमा करून घेतात. ज्याच्या जिवाला गंभीर धोका असल्याचं याच ठाण्याने लिहून दिलेलं असतं, त्याच्याकडून तेच ठाणं हत्यार काढून घेऊन पावती देतं. पावती घेऊन शेठ अडीच महिने निर्धास्त फिरतात. कोकणात मात्र बोंब होते. बंदुका ठाण्यात आणि माकडं बागेत. माकडांना आचारसंहिता लागू नाही. एक याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि २००९ नंतर सरसकट सगळ्यांची हत्यारं न काढता समितीने एकेक प्रकरण तपासून ठरवावं, अशी पद्धत आली. माणसाचं पूर्वचरित्र पाहावं, असं तीत आहे. माकडांचं कोणी विचारलेलं नाही.

हा सगळा काच ज्यांना जाचक वाटतो, त्यांनी बीडकडे पाहावं. डिसेंबर २०२४ मधल्या मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर हवेत गोळीबार करणाऱ्यांची दृश्यं बाहेर आली आणि एका जिल्ह्यात बाराशेहून जास्त परवाने वाटल्याचं उघड झालं. शेजारच्या परभणीत ते पन्नासच्याही आत होते. मग शंभरावर परवाने रद्द करण्याची घाई झाली. मुळशीत मनोरमा खेडकर जमिनीच्या वादात शेतकऱ्यांसमोर पिस्तूल नाचवताना दिसल्या, ते दृश्य जुलै २०२४ मध्ये राज्यभर फिरलं. सातबारा दुरुस्त करण्याची ही पद्धत महसूल नियमावलीत नाही. पुण्यात २०२५ साली तर वेगळंच घडलं. एका नामचीन गुंडाच्या भावाचा अर्ज पोलिस आयुक्तांनी फेटाळला. अपील मंत्रालयात गेलं, गृह राज्यमंत्र्यांनी ते मंजूर केलं. त्याच्यावरचे खटले न्यायालयात टिकलेले नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आयुक्तांनी तरीही परवाना दिला नाही. ऑक्टोबरात गदारोळ झाला तेव्हा कळलं, की मंजुरी एकीकडे आणि परवाना दुसरीकडे असूही शकतं.

तलवारीची हौस त्या मानाने स्वस्त. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं कायद्याच्या यादीत येतात, पण घरकामाची आणि शेतीची अवजारं वगळली आहेत, म्हणून लालबागच्या कोळणीचा कोयता आणि गिरगावातली विळी बिनपरवाना चालतात. पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या मुलींच्या हातातली तलवार बहुधा पत्र्याची. खरीखुरी सापडते ती वाढदिवसाला, चौकात मध्यरात्री केक कापताना. तिचा व्हिडिओ उत्सवमूर्ती स्वतःच टाकतो आणि दुसऱ्या दिवशी ठाण्यात बसलेला असतो. त्याला हवालदार पाठवून चौकशी करावी लागत नाही.

परवाना मिळाला तरी तो कायमचा नसतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली (विधेयकात एकच होतं, खासदारांनी दोन करून घेतली) आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. पाच वर्षांनी शेठ पुन्हा त्याच खुर्चीत.

"पाच वर्षांत काही झालं का, शेठ?"

"नाही साहेब, देवाच्या कृपेने काही नाही."

"मग धोका संपला म्हणायचा."

"तसं नव्हे साहेब," शेठ घाईने सांगतात. "बंदूक आहे म्हणून काही झालं नाही."

"पण ती तुमच्याकडे आहे, हे माहीत कोणाला होतं?"

"अख्ख्या चाळीला, साहेब."

"बरं," म्हणून साहेब पेन बंद करतात. "मग उद्या माणूस पाठवतो चाळीत."